बुजऱ्या माशाची नदी

गणिताशी झटापट केलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'हॉल अँड नाइट' हे नाव नवं नाही. १८८७ साली निघालेलं त्यांचं 'हायर अल्जिब्रा' आजही भारतात छापलं जातं आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलं त्यातली उदाहरणं सोडवत रात्री जागवतात. या जोडीतले हेन्री सिंक्लेअर हॉल ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवायचे. शाळेला सुट्टी लागली की त्यांचा मुक्काम नदीकाठी असे. ट्राउट या माशाचं त्यांना वेड होतं, आणि त्या वेडापायी १८७९ च्या सुमारास त्यांनी जॉर्ज बँकार्ट या मित्राच्या साथीनं एक छोटी वस्तू घडवून घेतली. हलक्या, बारीक तारेचा गळ, आणि त्याच्या टोकाला सुईसारखं नेढं.

गळाला नेढं असण्यात विशेष ते काय, असं आज वाटेल. पण तोवर ट्राउटसाठीचे छोटे गळ आंधळे असत. रेशीमकिडा कोष विणायच्या बेतात आला की त्याला व्हिनेगरमध्ये बुडवायचं, पोटातली रेशमाची ग्रंथी ओढून ताणायची आणि वाळवायची. स्पेनच्या मुर्सिया भागात अशी तात तयार होई. ती गळाच्या दांडीला दोऱ्यानं करकचून बांधायची आणि त्यावर पिसांची माशी चढवायची. माशीजवळ तात झिजली की माशीही गेली, गळही गेला. मासा वेगळा किडा खातोय असं दिसलं, तरी चटकन माशी बदलायची सोय नव्हती. नेढं आल्यावर गाठ सोडायची आणि दुसरी माशी ओवायची, एवढंच उरलं. जे पुढे 'ड्राय फ्लाय', म्हणजे पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी, म्हणून जगभर गेलं, ते या नेढ्यातून ओवून गेलं असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं घडलं ते दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या दोन नद्यांवर. या नद्या खडूच्या डोंगरांतून उगवतात. हिवाळ्याचा पाऊस खडूच्या थरांत मुरतो, महिनोन्‌महिने आत झिरपत राहतो आणि गाळून निघालेला झऱ्यांतून वर येतो. झऱ्याचं पाणी बारा महिने दहा-अकरा अंश सेल्सियसच्या आसपास राहतं आणि काचेसारखं नितळ असतं. तळाची गारगोटी न् गारगोटी मोजून घ्यावी. पाण्यात चुन्याचा अंश भरपूर, म्हणून पाणवनस्पती माजतात, त्यांत किडे आणि गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंब्या पोसतात आणि त्यांवर ट्राउट. जगात अशा नद्या दोनशेच्या थोड्या वर असतील. त्यांतल्या सुमारे पंच्याऐंशी टक्के एकट्या इंग्लंडात आहेत.

नितळ, संथ पाण्यातला मासा बुजरा होणारच. डोंगरातल्या फेसाळ ओढ्यात ट्राउटला विचार करायला सवड नसते, समोरून वाहत आलेलं काही क्षणात उचलावं लागतं. टेस्टमध्ये त्याला वेळच वेळ. प्रवाहाकडे तोंड करून तो एका ठरलेल्या जागी तरंगत उभा राहतो आणि येणारी प्रत्येक वस्तू पारखून घेतो. बाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढी असते, तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा. खिडकीच्या कडेला जमिनीलगतच्या गोष्टी इतक्या चेपून दिसतात की गुडघ्यांवर रांगत आलेला माणूस त्याला जवळपास दिसत नाही. तोच माणूस उभा राहिला की संपलं. पावलाचा दणका तर दिसण्याआधीच त्याच्या अंगावरच्या संवेदनरेषेला कळतो.

आपल्याकडे कोकणात गरवायला बसणारा गरीला कोळंबी नाहीतर गांडूळ लावतो. माशाला वास येतो, चव लागते, तो गिळतो. फ्लाय फिशिंगमध्ये ही सगळी वाट बंद. गळावर पिसं आणि दोरा, ज्याला ना वास ना चव. फसवायचं ते फक्त डोळ्यांना, आणि तेही जगातल्या अतिशय सावध डोळ्यांपैकी एकाला. या छंदाचा सगळा इतिहास या एका अडचणीतून निघालेला आहे.

तसं पिसांच्या माशीनं मासे धरणं फार जुनं. रोमन काळातल्या ईलियननं मॅसिडोनियातल्या एका नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गुंडाळलेल्या गळाचं वर्णन केलं आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं 'द कंप्लीट अँगलर' १६५३ मध्ये निघालं. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानं माशीवरचा भाग लिहून दिला. वॉल्टन १६८३ मध्ये विंचेस्टरला वारला आणि तिथल्याच कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं. इचेन तिथून हाकेच्या अंतरावर वाहते. १८२२ मध्ये टेस्टवर स्टॉकब्रिज गावी हाउटन क्लब सुरू झाला. मोजके सभासद, नदीचा लांब पट्टा ताब्यात आणि धरलेल्या माशांची वर्षानुवर्षांची नोंद.

त्या काळात तिथली एक रीत फार मजेची होती. मे महिन्याच्या अखेरीस मेफ्लाय नावाचे किडे नदीतून थव्यांनी वर येतात. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते, त्याची आठवण व्हावी. दोन वर्षं गाळात काढलेला हा किडा पंख फुटल्यावर काही खात नाही, वीण करतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. हाउटनची मंडळी जिवंत मेफ्लाय गळाला टोचत, लांब काठीला पीळ नसलेल्या रेशमाची हलकी दोरी बांधत आणि वारा पाठीशी घेऊन ती पतंगासारखी सोडत. वाऱ्यानं दोरी फुलायची, किडा पाण्यावर अलगद टेकायचा. वारा पडला की मंडळी काठावर बसून राहायची. वाऱ्यावाचून, खोट्या माशीनं हेच साधायचं कसं, हा प्रश्न पुढच्या पिढीनं सोडवला.

१८७९ मध्ये विंचेस्टरच्या जॉन हॅमंड यांच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात दोन माणसांची गाठ पडली. एक फ्रेडरिक हॅलफर्ड, कपड्यांच्या धंद्यातला सधन गृहस्थ. दुसरा जॉर्ज सेल्विन मॅरियट. मॅरियटला पाण्यातलं जे दिसायचं ते हॅलफर्डला दिसत नसे, आणि हॅलफर्ड जसं चिकाटीनं मांडून लिहायचा तसं मॅरियटच्या हातून होत नव्हतं. दोघांनी मिळून नदीवरचे किडे पकडले, बाटल्यांत ठेवले, भिंगाखाली तपासले, धरलेल्या माशांची पोटं उघडून पाहिली. त्यातून १८८६ मध्ये 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम' आणि १८८९ मध्ये 'ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस' ही पुस्तकं निघाली. दोन्हींवर नाव एकट्या हॅलफर्डचं. मॅरियटनं आपलं नाव घालू दिलं नाही. तो १८९६ मध्ये गेला आणि स्वतःचं पुस्तक असं मागे काही ठेवून गेला नाही. त्या पुस्तकांचा निम्मा जीव त्याचा आहे, हे मात्र विसरू नये.

पद्धत अशी. मासेमार माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगानं येतो, कारण ट्राउटचं तोंड वरच्या दिशेला असतं. गवतातून रांगत येऊन तो गुडघ्यावर थांबतो. समोर पंधरा-वीस पावलांवर पाण्यावर एक वलय उमटतं, थेंब पडावा एवढं. मासा तिथं किडा टिपतोय. आता दोरी पाण्याला न लावता हवेतच पुढे-मागे दोन-तीनदा फिरवायची, म्हणजे माशीचं पाणी झटकलं जातं आणि ती कोरडी होते. मग ती वलयाच्या थोडं वर अशी सोडायची की पिसांचे तुरे पाण्याच्या कातडीवर टेकतील, बुडणार नाहीत. माशी वाहत येते. मधल्या प्रवाहानं दोरी ओढली, तर माशी बोटभर तिरकी सरकते आणि तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उठते. खरा किडा असा सरकत नाही. मासा वर येतो, नाकानं माशी ढोसतो की काय असं वाटेपर्यंत जवळ येतो आणि शांतपणे पुन्हा खाली जातो. त्या माशीकडे तो परत बघत नाही.

या सामानाच्या घडणीत आपल्याकडच्या रानांचाही वाटा आहे. सुरुवातीच्या चिरलेल्या बांबूच्या काठ्या, सहा पट्ट्या तासून सरसानं षटकोनी जोडलेल्या, 'कलकत्ता केन'च्या असत. हा आपला मानवेल बांबू, ज्याची लाठी होते. पुढे चीनमधला टोंकिन बांबू आला आणि मानवेल मागे पडला. दुसरी वस्तू सह्याद्रीची. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेण सांडून थिजल्यासारखा पिवळट पांढरा ठिपका असतो. इंग्रजांना तो माशाच्या डोळ्यासारखा वाटला आणि सॅमन माशासाठीच्या भडक माश्यांच्या दोन्ही अंगांना ही पिसं लागू लागली. त्यापायी किती रानकोंबडे मारले गेले असतील! आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत आहे, आणि तो तसाच राहायला हवा.

हॅलफर्डच्या पुस्तकांनी एक रीत घालून दिली, आणि बघता बघता त्या रीतीचा धर्म झाला. मासा वर येऊन खात असेल तरच माशी टाकायची, ती तरंगतीच हवी, प्रवाहाच्या वरच्या दिशेनंच टाकायची, आणि जो किडा मासा खातोय त्याचीच हुबेहूब नक्कल हवी. १९१० च्या पुस्तकात तर हॅलफर्डनं नर-मादीचा फरक दाखवणाऱ्या तेहतीस माश्यांची पक्की यादीच दिली. त्याचा प्रभाव समुद्रापलीकडे गेला होता. १८९० मध्ये थिओडोर गॉर्डन या अमेरिकन मासेमारानं पत्र लिहिल्यावर हॅलफर्डनं त्याला आपल्या माश्या पाठवल्या होत्या. गॉर्डननं त्या तिथल्या खळाळत्या पाण्याला आणि तिथल्या किड्यांना साजेशा बदलून घेतल्या. न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरांतली ड्राय फ्लाय तिथून सुरू झाली. पत्रातून आलेलं ज्ञान आपल्या नदीवर घासून घेणारा गॉर्डन इंग्लंडातल्या बहुतेक शिष्यांपेक्षा हुशार निघाला.

ही पकड सैल केली ती जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज या लंडनच्या वकिलानं. विंचेस्टरच्या शाळेत शिकलेला हा माणूस १८८३ पासून विंचेस्टरजवळच्या अॅबट्स बार्टन इथं इचेनवर मासे धरत होता आणि सुरुवातीला हॅलफर्डचा भक्तच होता. १८९२ मध्ये त्याची एक माशी नीट बांधलेली नव्हती म्हणून बुडू लागली. नियमाप्रमाणे ती वाया गेली. पण जे मासे तरंगत्या माशीकडे ढुंकूनही बघत नव्हते, ते हिला घेऊ लागले. दुसरा कोणी असता तर योगायोग म्हणून सोडून देता. स्क्यूजनं अठरा वर्षं तो धागा धरून ठेवला.

धरलेल्या माशाच्या घशातून तो हाडातली मज्जा काढायचा लांबट चमचा आत सारी, पोटातलं बाहेर काढी आणि पांढऱ्या बशीत पाणी घालून ढवळून पाही. पाण्यात सुटे सुटे होऊन दिसत ते पंखवाले किडे थोडे. बहुतेक सगळी किड्यांची पाण्यातली पिल्लं, ज्यांना निम्फ म्हणतात. म्हणजे वलयं उमटत होती ती मासा पृष्ठभागावरचा किडा खात होता म्हणून नव्हे. तो पाण्याखाली दोन बोटांवर निम्फ टिपत होता आणि वळताना त्याच्या पाठीनं किंवा शेपटीनं पाणी हलत होतं. 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' हे स्क्यूजचं पुस्तक १९१० मध्ये निघालं, हॅलफर्डच्या तेहतीस माश्यांच्याच वर्षी. त्यानं ड्राय फ्लाय नाकारली नाही. मासा खाली खात असेल तर खाली माशी द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं. पोटं हॅलफर्डनंही तपासली होती. पण त्या पोटांत जे सापडलं ते त्याच्या नियमात बसवायला तो तयार नव्हता, आणि इथे त्याची बाजू लंगडी पडते.

हॅलफर्ड १९१४ मध्ये गेला, तरी त्याचे अनुयायी ऐकेनात. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर वादसभा भरली. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशीचा. निम्फनं मासेमारी करणं खडूच्या नद्यांच्या शिष्टाचाराला धरून आहे का, असा प्रश्न होता आणि सभेचा कल त्याच्या विरुद्ध होता. त्याच वर्षी त्यानं अॅबट्स बार्टन सोडलं. पंचावन्न वर्षांची ती नदी. पुढचे काही हंगाम त्यानं नॅडर नदीवर काढले आणि १९४९ मध्ये वयाच्या नव्वदीत तो वारला. त्याची राख अॅबट्स बार्टनलाच इचेनवर विखुरली.

त्याचा वारसा मात्र क्लबातल्या कोणाकडे न जाता एका नदीराख्याकडे गेला. फ्रँक सॉयर १९०६ मध्ये एव्हन नदीकाठी जन्मला आणि १९२८ पासून नेदरॲव्हनजवळच्या पट्ट्याचा राखणदार झाला. तो पट्टा लष्करी अधिकाऱ्यांच्या संस्थेचा होता. गाळ उपसायचा, पाणवनस्पती कापायची, काठ सांभाळायचे, हे त्याचं रोजचं काम. पाण्यात तास न् तास बघत राहायची त्याला जन्मजात सवय. त्याला लिहितं केलं ते सर ग्रिमवुड मेअर्स यांनी. हे आधी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि निवृत्तीनंतर एव्हनवर मासे धरायला येत. त्यांच्यामुळेच सॉयरची म्हाताऱ्या स्क्यूजशी ओळख झाली. १९५८ मध्ये सॉयरचं 'निम्फ्स अँड द ट्राउट' आलं.

त्याची 'फेझंट टेल निम्फ' करायला दोनच वस्तू लागतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे चार तांबूस तंतू आणि केसाएवढी बारीक तांब्याची तार. दोरा लागतच नाही. तार गळाच्या दांडीवर गुंडाळत न्यायची आणि पुढच्या भागात तिचेच वेढे एकावर एक घेऊन फुगवटा करायचा. तंतूंची टोकं मागे शेपटीसारखी सोडायची, मग तंतू आणि तार एकत्र पीळ देऊन पुढे वळत आणायचे. फुगवट्यावर तंतू मागे-पुढे दुमडून तारेनं दाबले की पंख फुटायच्या बेतातल्या किड्याची पाठ तयार. तारेच्या वजनानं ती लगेच बुडते, आणि भिजल्यावर तंतूंमधून तांबं मंद चमकतं. निम्फला हॅलफर्डच्या माशीसारखे पिसांचे पाय नाहीत, कारण पोहताना किडा पाय अंगाशी आवळून घेतो हे सॉयरनं पाहिलं होतं. जगातल्या ट्राउट मासेमारांच्या डब्यात आज ही माशी हमखास सापडते.

ब्रिटनमधूनच ट्राउट काश्मीरला आले. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० च्या अखेरीस दुसरी खेप स्कॉटलंडहून पोहोचली आणि जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलनं त्यांतली काही पिल्लं कारखान्याच्या आवारात वाढवली. काश्मीरच्या लिद्दर नदीवर आजही परवाना काढून ठरलेल्या पट्ट्यात माशी टाकता येते. बर्फाच्या पाण्यातल्या मूळच्या काश्मिरी माशांना मात्र या पाहुण्याशी घासासाठी झगडावं लागलं, हेही त्या इतिहासात लिहिलं पाहिजे.

टेस्ट आणि इचेनवरची आजची काळजी वेगळी आहे. खडूच्या पोटातलं पाणी शहरांच्या नळांसाठी उपसलं जातं, सांडपाणी नदीत येतं, शेतातली माती वाहून येऊन खडे झाकते. ट्राउट अंडी घालतो ती स्वच्छ खड्यांच्या फटींत, आणि त्या गाळानं बुजल्या की अंडी गुदमरतात. दीडशे वर्षं या नद्यांत हौशी लोकांसाठी तळ्यांत वाढवलेले मासे सोडले गेले. त्यांना माणसाच्या सावलीचं भय कमी, आणि रानटी माशांशी त्यांची वीण झाली की पिढीजात सावधपणा पातळ होतो. २०१५ पासून इंग्लंडात नदीत सोडायचे ट्राउट एकतर वांझ असावे लागतात किंवा त्याच नदीच्या माशांपासून वाढवलेले. हा नियम उशिरा आला, पण योग्य आला. बुजरा मासा टिकला तरच ही विद्या टिकेल. पोसलेल्या माशाला फसवायला मॅरियटचे डोळे लागत नाहीत.

स्क्यूजची बाजू खरी होती याबद्दल आता कोणाचं दुमत नाही. इचेनवर त्याच्या आठवणीचं दगडी बाकही आहे. तरी टेस्टच्या कित्येक पट्ट्यांवर हॅलफर्डचा वचक अजून सरलेला नाही. तिथं जूनअखेरपर्यंत फक्त तरंगती माशी चालते, आणि निम्फ पाण्यात टाकायची परवानगी मिळते ती १ जुलैपासून.